कोयता, मुकादम आणि मोबाईल

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



दरवर्षी या मंडपात बाहेरगावचे मोठे वक्ते येतात. यंदा कार्यकारिणीने खर्च वाचवला आणि घरच्याच माणसाला पकडलं. मी आयटीआयमध्ये शिकवतो, राज्य सरकारचा नोकर, शिक्षण डिप्लोमा. माझा रोजचा संबंध कानस, ड्रिल मशीन आणि हजेरीपत्रकाशी. तरी आजचा विषय संशोधनाचा घेतलाय, आणि त्याला कारण आपल्यातलंच एक घर आहे.

आपल्या मंडळातल्या एका सभासदांची मुलगी मार्केटिंग विषयात पीएच.डी. करते आहे. विषय आहे मोबाईल ॲपवर काम करणारी डिलिव्हरीवाली मुलं. नाव सांगत नाही, ती समोरच बसली आहे. तिचे वडील मला म्हणाले, "सर, एमबीए केलं, बरी नोकरी लागली होती. आता पोरगी दुपारभर हॉटेलांबाहेर त्या पोरांजवळ उभी राहते आणि वहीत लिहीत बसते. लोक विचारतात, काय सांगायचं? याला करिअर म्हणतात का?" याचं उत्तर उभ्या उभ्या देता येईना, म्हणून आजचा पाऊण तास मागून घेतला.

उत्तर शोधायला ऑक्सफर्ड-हार्वर्डला जायची गरज नाही. आपल्या बमरोलीपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर बारडोली आहे, तिथवर गेलं तरी पुरे.

यान ब्रेमन हे नाव किती जणांनी ऐकलंय? दोन हात वर दिसतात. हे हॉलंडचे समाजशास्त्रज्ञ. जन्म १९३६, ॲमस्टरडॅम. १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हा तरुण डच विद्यार्थी दक्षिण गुजरातेत आला, चिखली-गणदेवीच्या भागात. त्या वेळी सुरत हे काही जगाच्या नकाशावर ठळक शहर नव्हतं, आणि आपल्यातल्या बहुतेकांचे आईवडील अजून धुळ्या-जळगावकडे शेतावरच होते. या माणसाने दोन गावं निवडली. पुस्तकात त्यांची नावं बदलून 'चिखलीगाम' आणि 'गणदेवीगाम' अशी ठेवली, म्हणजे कोणी काय सांगितलं ते गावात कळून कोणाला त्रास होऊ नये.

त्याला बघायचं होतं हाळीपद्धत. अनाविल ब्राह्मण जमीनदार आणि त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राबणारे दुबळा, म्हणजे आजचे हळपती. लग्नाला पैसे घ्यायचे, ते कधी फिटायचे नाहीत आणि माणूस जन्मभर मालकाच्या वाड्यावर. मालक धान्य देणार, झोपडीला जागा देणार, आजारपणात बघणार. बदल्यात माणूस त्याचा. ब्रेमन तिथे असताना ही पद्धत मोडत चालली होती. मालकाची जबाबदारी संपली, पण मजुराचं हलाखीचं जिणं काही संपलं नाही. यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं १९७४ साली. म्हणजे पहिल्यांदा गावात उतरल्यापासून दहा वर्षांहून अधिक काळ. आपल्या मुलीच्या वडिलांनी हा हिशेब लक्षात ठेवावा, त्यांनी मला तिसऱ्याच महिन्यात "झालं का काही?" म्हणून विचारलं होतं. आपल्याकडे यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं लागतात आणि साधारण सहा वर्षांची मुदत असते. त्यामुळे तूर्त चहा घ्या आणि थांबा.

आता आपल्या घरची गोष्ट येते.

१९७० च्या दशकात ब्रेमन बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे वळले. बारडोली म्हटलं की आपल्याला १९२८ चा सत्याग्रह आणि सरदार आठवतात. त्याच भागातल्या शेतकऱ्यांनी पुढे सहकारी साखर कारखाने उभे केले, आणि फार चांगले चालवले. पण ऊस तोडायला माणसं आणली खान्देशातून. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातून. नंदुरबार त्यातच होतं, वेगळा जिल्हा १९९८ साली झाला. पावसाळ्यात गावात मुकादम यायचा, उचल द्यायचा. घरात दाणा नसतो, पोरीचं लग्न असतं, अशा वेळची उचल. दिवाळीच्या सुमाराला मंडळी निघायची आणि उन्हाळा लागेपर्यंत परत नाही. रस्त्याच्या कडेला, कारखान्याभोवती चटयांच्या आणि पाचटाच्या कोप्या. हिशेबाचं एकक होतं 'कोयता'. वहीत माणसाचं नाव नाही, कोयत्याचा आकडा. एका कोयत्यात नवरा तोडणारा, बायको पाला काढून मोळी बांधणारी, आणि हाताशी आलेलं पोर असलं तर तेही. मजुरी एका कोयत्याची. पंधरा दिवसांनी खावटी मिळायची, बाकीची मजुरी मोसम संपल्यावर, उचल कापून.

इथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरात हे बोललं जातं, काहींच्या घरात मुद्दाम बोललं जात नाही. आपण सुरतेत मिल, लूम, डाइंग, दुकान, नोकरी करून स्थिरावलो, फ्लॅट घेतले. पण ताप्ती लाइनच्या गाडीतून त्या काळी उतरलेली सगळीच माणसं मिलच्या फाटकापर्यंत आली नाहीत. बरीच वाटेत व्यारा-बारडोलीच्या फडातच राहिली.

ब्रेमन यांनी एक साधा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातला हा सर्वांत मोठा प्रश्न आहे. बारडोलीत हळपती मजूर कारखान्याच्या दारात रिकामे बसलेले होते. मग शेजारच्या राज्यातून मुकादम पाठवून, उचल देऊन, ट्रक भरून माणसं का आणायची? लोक म्हणायचे, स्थानिक मजूर आळशी, खान्देशी माणूस कष्टाळू. आपल्याला हे ऐकून बरं वाटतं. ब्रेमन यांनी फडात, कोपीत, वजनकाट्यावर जाऊन पाहिलं आणि वेगळं उत्तर काढलं. परका माणूस ताब्यात राहतो. त्याला गावात नातेवाईक नाही, बोली वेगळी, उचल फिटेपर्यंत जायची सोय नाही. रात्री ट्रक आला तरी उठून ऊस भरणार. मोसम संपला की आपोआप निघून जाणार, कोणाच्या डोक्यावर बसणार नाही. कष्टाळूपणाची जी स्तुती होत होती, तिच्या खाली हा हिशेब होता. आणि कामगार कोणाचा, हे विचारलं तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवायचा आणि मुकादम कारखान्याकडे.

हे लिखाण १९७८-७९ च्या सुमाराला एका विलायती नियतकालिकात छापून आलं. पुढे १९९० साली त्याच फडांवर त्यांनी पुन्हा लिहिलं. त्या लेखाच्या शीर्षकाचा अर्थ असा की यापेक्षा कुत्रीही बरी जगतात. परत जाऊन बघितल्यावर हे शीर्षक द्यावंसं वाटलं, एवढं सांगून मी पुढे जातो.

दोन लेखांच्या मध्ये, १९८५ साली, त्यांचा आणखी एक लेख मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. त्याचं शीर्षक मराठीत असं होईल: "मी सरकारी लेबर ऑफिसर आहे..." दक्षिण गुजरातच्या शेतमजुरांना किमान वेतन मिळतं की नाही हे बघणाऱ्या सरकारी यंत्रणेवरचा हा लेख. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे हे शीर्षक वाचताना थोडा कान टवकारला गेला. आमच्यातला कोणी जीपमधून उतरून बांधावर उभा राहतो आणि मोठ्याने सांगतो, मी सरकारी अधिकारी आहे, बोल, तुला किती मजुरी मिळते? शेजारी मालक उभा. आता तो मजूर काय सांगणार, हे मंडपातल्या लहान पोरालाही कळेल. कायदा पुस्तकात असतो, अधिकारीही मनाने वाईट नसतो, रजिस्टरमध्ये नोंदही होते. फक्त प्रश्न विचारायची जागा आणि वेळ चुकते. संशोधक आणि सरकारी तपासनीस यांच्यातला फरक मला इथे कळला. तपासनिसाला अर्ध्या तासात उत्तर हवं असतं. संशोधक मालक निघून जाईपर्यंत बसतो, आणि संध्याकाळी कोपीशी जातो.

आपली मुलगी हॉटेलबाहेर दुपारभर उभी राहते ती याचसाठी. चार वाजता ऑर्डरी कमी असतात, तेव्हा पोरं बोलतात.

ब्रेमन यांची एक गोष्ट भारताबाहेरची आहे, पण फाइलींच्या दुनियेतल्या माणसाला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंडोनेशिया पूर्वी डचांच्या ताब्यात होता. सुमात्रा बेटावर दिली नावाचा तंबाखूच्या मळ्यांचा प्रदेश. आपल्या दिल्लीशी संबंध नाही. तिथे चिनी आणि जावातले करारबद्ध मजूर राबायचे. त्यांच्यावरच्या अत्याचारांची ओरड झाली तेव्हा रेमरेव्ह नावाच्या सरकारी वकिलाला चौकशीला पाठवलं. त्याने प्रामाणिकपणे सगळं लिहिलं, १९०४ साली अहवाल दिला. अहवाल इतका खरा होता की सरकारने तो छापलाच नाही. ऐंशीएक वर्षं तो दप्तरात पडून राहिला. ब्रेमन यांनी तो शोधून १९८७ साली आपल्या पुस्तकाबरोबर छापला. हॉलंडमध्ये मोठा वाद झाला, कारण आपले आजे-पणजे तिथे काय करत होते हे नातवंडांना पहिल्यांदा छापील मिळालं. स्वतःच्या देशाच्या दप्तराशीही हा माणूस तसाच वागला, जसा बारडोलीच्या कारखान्यांशी वागला. परका येऊन आपली धुणी धुतो अशी तक्रार त्यांच्याबद्दल करता येत नाही ती यामुळे.

आपल्या सुरतेशी त्यांचं नातं जुनं. उधना-मगदल्ला रोडवर, वीर नर्मद विद्यापीठाच्या आवारात सेंटर फॉर सोशल स्टडीज आहे. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी ती संस्था १९६९ साली सुरू केली. बमरोलीहून दुचाकीवर फार वेळ लागत नाही. आपण त्या फाटकावरून रोज जातो-येतो. आत आपल्या गावच्या माणसांबद्दल काय लिहून ठेवलंय हे बघायला जात नाही. ब्रेमन यांचं १९९६ चं 'फुटलूज लेबर' हे पुस्तक तर वीटभट्ट्या, खाणी, रस्त्याची कामं, ऊसफड असं पायाला भिंगरी लावून फिरणाऱ्या दक्षिण गुजरातच्या मजुरांचंच आहे. 'असंघटित क्षेत्र' हा शब्द आज आपण सहज वापरतो. तो विचार कीथ हार्ट या मानववंशशास्त्रज्ञाने १९७१ साली घानातल्या अक्रा शहरावरून मांडला. ब्रेमन यांनी १९७६ मध्येच हरकत घेतली की संघटित आणि असंघटित असे दोन वेगळे डबे नाहीत. एकाच कापडाच्या गाठी आहेत. एकीकडे ओढलं की दुसरीकडे ताण बसतो. कापडाची उपमा माझी आहे, सुरतेत राहून दुसरी सुचत नाही.

आता मोबाईलकडे येतो.

मार्केटिंग शिकलेल्या माणसाचा डिलिव्हरीवाल्याच्या कष्टांशी काय संबंध, ते काम तर लेबरवाल्यांचं, असं वाटणं साहजिक आहे. संबंध समजायला आपली ही स्मरणिकाच घ्या. तुम्हाला ती फुकट मिळते. छपाईचा खर्च मागच्या पानांवरच्या साडीवाल्यांनी, ज्वेलर्सनी आणि क्लासवाल्यांनी दिलाय. ते पैसे देतात, कारण वाचक तुम्ही आहात. म्हणजे एका बाजूला फुकट द्यायचं आणि दुसऱ्या बाजूकडून वसूल करायचं. फ्रान्सच्या रोशे आणि तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली अशा दोन बाजूंच्या बाजारावर लिहिलं. तिरोल यांना २०१४ चं नोबेल मिळालं. ॲपची कंपनी हेच करते. ग्राहकाला सूट, हॉटेलकडून कमिशन, आणि डिलिव्हरीवाल्याला सुरुवातीला चांगला इन्सेंटिव्ह, म्हणजे शहरात पुरेशी मुलं येतील. मुलं पुरेशी झाली की तो दर हलवता येतो. कोणत्या बाजूला किती द्यायचं आणि किती काढायचं, हा मार्केटिंगचा निर्णय आहे. पोराची मजुरी लेबर खात्यात ठरत नाही, ती ग्राहकाला दिलेल्या सवलतीच्या टेबलावर ठरते. तेव्हा मार्केटिंगवाल्याने त्याचा अभ्यास केला नाही तर कोणी करायचा?

दुसरं, ताऱ्यांची भानगड. पार्सल हातात आलं की आपण अंगठ्याने तीन तारे किंवा पाच तारे देतो आणि विसरून जातो. मार्केटिंगच्या भाषेत हा ग्राहकाचा अभिप्राय. पोराच्या दृष्टीने हा मुकादमाचा शेरा. अमेरिकेत आर्ली होखशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या परिचारिकांवर पुस्तक लिहिलं, की हसतमुख राहणं हेही पगारात धरलेलं कष्टाचं काम आहे. आपल्या इमारतीत लिफ्ट बंद असताना पाचव्या मजल्यावर चढून आलेलं पोर "थँक यू मॅडम, रेटिंग द्या" म्हणून हसतं, तेव्हा तेही काम चालू असतं. त्याचा वेगळा दर नाही.

आता कोयत्याशेजारी मोबाईल ठेवून बघा. मुकादमाच्या उचलीच्या जागी गाडीचा हप्ता आला. कोयत्याच्या आकड्याच्या जागी आयडी. खावटीच्या जागी आठवड्याचं पेमेंट. कामगार कोणाचा, याचं उत्तर आता बोट दाखवून द्यायचीही गरज उरली नाही, कारण त्याला 'पार्टनर' म्हणतात. पार्टनर म्हटल्यावर भागीदारीचं पत्र कुठे आहे, असं एखाद्या मारवाडी-गुजराती व्यापाऱ्याने लगेच विचारलं असतं. आपली पोरं विचारत नाहीत.

पण तुलना ताणायचीही नाही. मी रोज या वयाच्या मुलांमध्ये असतो. उसाच्या फडातून रात्री पळून जाता येत नव्हतं. ॲप बंद करून घरी झोपता येतं. लूमच्या खात्यात बारा तास कान फाटेपर्यंत खटखट, मालकाची शिवी आणि नाकात धागा. त्यापेक्षा स्वतःची गाडी, मोकळी हवा, आठवड्याला खात्यात पैसे, हे पोरांना आवडतं आणि त्यात खोटं काही नाही. माझ्या हाताखाली फिटर ट्रेड पास झालेला एक मुलगा आज डिलिव्हरी करतो. मी म्हटलं, अरे, तुझा हात चांगला होता, मायक्रोमीटर तुझ्याइतकं कोणी नीट वाचत नव्हतं. तो म्हणाला, "सर, कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर घेतात, सहा महिन्यांनी ब्रेक देतात. इथे ब्रेक मी घेतो." या उत्तरावर माझ्याकडे तयार प्रत्युत्तर नव्हतं, अजूनही नाही. दोष मुलांच्या आळसाचा आहे असं म्हणणाऱ्यांना मी बारडोलीची आठवण देतो. तिथे आळशी ठरवलेले हळपतीच होते.

त्याच मुलाला मी एक वही करायला सांगितली. तो म्हणायचा रोजचे इतके सुटतात. मी म्हटलं, सुटतात म्हणजे काय? आपण लेथवर काम करताना सेटिंगचा वेळ धरतो ना? मग रकाने आखले: ॲप चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, ऑर्डरी, गाडीचे एकूण किलोमीटर, ॲपने मोजलेले किलोमीटर, पेट्रोल, मिळालेले पैसे. शेवटच्या रकान्यात शेरा: हॉटेलात किती थांबलो, ऑर्डर कुठे रद्द झाली. समजा दिवसाला गाडी शंभर किलोमीटर चालली आणि लिटरला पन्नासचं ॲव्हरेज पडलं, तर दोन लिटर पेट्रोल गेलं. त्यावर ऑइल, टायर, ब्रेक-शू, हप्ता, मोबाईलचा रिचार्ज. आणि पार्सल पोचवून परत हॉटेलांच्या भागात रिकामं येणं, ते किलोमीटर कोणाच्या खात्यात? दोन आठवड्यांनी तो वही घेऊन आला, तेव्हा पैशांपेक्षा तासांच्या रकान्याकडे जास्त वेळ बघत बसला होता. आकडे त्याचे आहेत, मी इथे सांगणार नाही. ती वही आपल्या संशोधक मुलीला दाखवायची का, हेही तोच ठरवेल.

कोणी म्हणेल, हे सगळं मोजून काय होतं? थोडंफार होतं. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटचा 'फेअरवर्क' नावाचा प्रकल्प आहे. भारतात त्यात बेंगळुरूच्या आयआयआयटीचे प्राध्यापक बालाजी पार्थसारथी आणि जानकी श्रीनिवासन यांनी काम केलं. त्यांनी गंमत केली. कंपन्या पोरांना तारे देतात, तर हे लोक कंपन्यांनाच दहापैकी गुण देतात. मोबदला, कामाची परिस्थिती, करार, व्यवस्थापन आणि कामगारांचं म्हणणं ऐकून घेणं, अशा पाच कसोट्यांवर. यादी जाहीर होते, वर्तमानपत्रात येते, आणि मोठ्या कंपनीला कमी गुणांचं प्रगतिपुस्तक आवडत नाही.

कायद्यातही हालचाल आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात असे कामगार ७७ लाख असल्याचा अंदाज आहे, आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील असं म्हटलंय. राजस्थानने २०२३ मध्ये वेगळा कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग वर्कर' आणि 'प्लॅटफॉर्म वर्कर' हे शब्द पहिल्यांदा कायद्याच्या पुस्तकात आले, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या वर नाही, अशी तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे. मात्र व्याख्या नीट वाचा: मालक-नोकर या रूढ नात्याच्या बाहेर राहून कमावणारा, असं त्यात लिहिलंय. म्हणजे विम्याचा, अपघाताचा दरवाजा उघडला; किमान वेतनाचा, कामाच्या तासांचा दरवाजा होता तिथेच राहिला. कामगार कोणाचा, हा बारडोलीचा प्रश्न कायद्याने सोडवलेला नाही, बाजूला ठेवलाय. तो कसा सुटावा यावर जाणकारांमध्ये मतभेद आहेत आणि डिप्लोमावाल्याने त्यात निकाल देऊ नये. पण निकाल देणाऱ्यापुढे माहिती कोण ठेवणार? कंपनीकडे प्रत्येक पोराचा प्रत्येक मिनिट नोंदलेला आहे, ती नोंद बाहेर येत नाही. सरकारकडे अंदाज आहेत. मधली जागा हॉटेलबाहेर वही घेऊन उभ्या राहणाऱ्यांची आहे.

म्हणून त्या वडिलांना, आणि तिथे बसलेल्या सगळ्या पालकांना सांगतो. हे करिअर आहे. पगार उशिरा सुरू होतो, पहिली काही वर्षं शिष्यवृत्तीवर जातात, लेख लिहायचा, तो अनोळखी परीक्षकांकडून परत यायचा, पुन्हा लिहायचा. पुढे सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक अशा पायऱ्या आहेत. आमच्या प्रमोशनसारख्याच, वेळेवर येतील याची खात्री नाही. मुलीला एकच विनंती. ब्रेमन यांनी गावांची नावं बदलली होती, तू पोरांची नावं बदल. एखाद्याचा आयडी तुझ्या प्रबंधामुळे बंद पडायला नको. आणि लिहिलेलं थोडं मराठीत, थोडं गुजरातीत आण. आपल्या ऊसतोड्या आजोबांबद्दल जे लिहिलं गेलं ते इंग्रजीत राहिलं, ते आपल्यापर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागली.

आता कामाचं बोलतो, मग आरती आहे. मंडपाच्या डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीजवळ, शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी सहा ते नऊ टेबल लावणार आहोत. ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म वर्कर म्हणून नाव नोंदवायचं आहे. हे पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालं, नोंदणीला पैसे लागत नाहीत, कोणी मागितले तर देऊ नका. आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाईल नंबर आणि बँकेचं पासबुक, एवढं आणा. मोबाईल आधारला जोडलेला नसेल तर आधी ते करून घ्या, कारण ओटीपी त्यावरच येतो आणि त्यासाठी रांगेत सगळे खोळंबतात. बारा आकडी नंबर मिळेल, तो लिहून ठेवा. आपल्या घरात कोणी डिलिव्हरी, रिक्षा किंवा टॅक्सी ॲपवर चालवत नसेल, तरी सोसायटीत रोज येणाऱ्या पोराला हे सांगा. तो मराठी असो, ओडिया असो, युपीचा असो. टेबलावर माझ्याबरोबर तो फिटरचा मुलगा बसणार आहे, फॉर्म तोच भरेल. त्याची बोटं मोबाईलवर माझ्यापेक्षा वेगाने चालतात. दोन्ही दिवशी सात ते साडेसात तो नसेल, तेव्हा ऑर्डरी जास्त असतात.

गणपती बाप्पा मोरया!